शिलाईचं एक बोट

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तिठ्यावर उतरवून ठेवलेला नारळ घरी आणून त्याच्या वड्या केलेली बाई आहे मी... वड्या झाल्याही होत्या छान. तुम्हा सगळ्यांचे इथले भुताखेतांचे अनुभव मी नातीला मोठ्यानं वाचून दाखवते आणि दोघी हसतो. आता तुम्ही हसा.

आमच्या साताऱ्याच्या घरासमोर एक जुनी परदेशी व्हॅन उभी असते. आमचे हे सैन्यात ड्रायव्हर-मेकॅनिक होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी ती पाचगणीच्या एका पारशी बाईंकडून घेतली. ऑटोमॅटिक गिअरची. तेव्हा मी तिशीतली, आणि अक्कल सगळी आपल्यालाच वाटून झालीय अशा समजुतीतली. गाडीत वाकून बघितलं आणि अख्ख्या आळीसमोर ओरडले, "अहो, फसवलं तुम्हांला! एक पेडल कमी आहे!"

हे हसून हसून पायरीवरच बसले. ऑटोमॅटिकला पायातला क्लच नसतोच, तो गिअरबॉक्सच्या आत असतो.

त्याच सुमारास मी शिवणाचा क्लास केला होता. शिलाईसाठी एक बोट कापड जास्त सोडायचं, हे बाईंनी शिकवलं आणि मी ते असं काही पाठ केलं, की आधीच शिलाई धरलेल्या मापावरसुद्धा आणखी एक बोट सोडायचे. ह्यांना पहिला शर्ट शिवला. घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात अजून एक जवान भरती होईल." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "पुढं अंग धराल तेव्हा कळेल!" अंग कधी धरलंच नाही. माणूस शेवटपर्यंत काटकुळा आणि शर्ट शेवटपर्यंत माझेच.

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. व्हॅन मात्र चालायची. यंदा पावसाळा सरता सरता ती पुढं जायचीच थांबली. इंजिन घुरघुरतंय, गाडी जागची हलत नाही. पुण्याहून मुलाचा, प्रशांतचा फोन आला — "आई, महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला मागतोय. इंजिन-गिअरबॉक्स काढून आत स्ट्रॉबेरी-क्रीमचा काउंटर करणार. दसऱ्यापर्यंत चालू झाली तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू."

ह्यांच्या सीटवर क्रीमचे डबे! मी फोन ठेवला तो बाळूमिस्त्रींना बोलवायलाच.

आमचे बाळूमिस्त्री गाडीखालून बाहेर आले. "काकू, आतल्या क्लच प्लेटा जळल्यात. पन बॉक्स कुठला हाय त्येच कळंना, नंबर पार झिजलाय. आता खालच्या ऑइल पॅनच्या, ह्या तेलाच्या ट्रेच्या, आकारावरनं वळखायचा. ह्योच बॉक्स दुसऱ्या गाड्यांलाबी असायचा. सांगलीत भंगारात घावंल. पॅन जुळला की आतलंबी जुळलं समजा."

"मग फोटो पाठवा की."

"फोटोत आकार कळतो, माप न्हाई. पॅनच घिऊन जावा."

तो तेलकट पॅन मांडीवर घेऊन एसटीत? सांगलीला विश्रामबागेत नणंदेकडे हळदीकुंकू होतं, तिच्याकडे माझ्यासारख्या नवरा गेलेल्यांनाही मानानं बोलावतात, आणि मी जरीकाठाची नेसणार होते. म्हटलं, "माप म्हणजे काय हो, कागद कापते." पॅन वर्तमानपत्रावर पालथा घातला, पेन्सिल फिरवली, कात्री चालवली, घडी पर्समध्ये. जन्मभर ब्लाउज शिवलेत मी. मला काय कुणी माप शिकवायचं!

सांगलीत उतरले ती थेट भंगाराच्या गल्लीत. विचारत विचारत लतीफभाईंच्या दुकानात शिरले. या माणसाला मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. घासून पालथी घातलेल्या पातेल्यांसारखे गिअरबॉक्स रचलेले. एकेकाच्या पॅनवर कागद लावत गेले आणि एका मोठ्याशा बॉक्सवर तो काठोकाठ बसला.

"हाच! ह्याच्यातल्या प्लेटा काढून द्या."

लतीफभाई जागचे हलेनात. "ह्यो न्हाई द्यायचा, आज्जी."

"का? जुळतोय की!"

"न्हाई द्यायचा."

मग मी भांडले. गिऱ्हाईक आहे का चोर आहे इथपासून सुरुवात केली, चांगली दम लागेपर्यंत. ते शांतपणे म्हणाले, "भांडतील, आसंबी म्हनले हुते ते."

"कोण ते?"

"सकाळी शटर उघडलं तवा एक बुजुर्ग दारात उभे हुते. म्हनले, आमची मंडळी येतील, हातात पेपर आसंल. मोठ्या बॉक्सवर बोट ठिवतील, दिऊ नका. त्यांच्या मापात शिलाईचं एक बोट जास्ती असतंय... तेवढं दुमडून बघा."

मी कागद उलटा केला. पेन्सिलची रेघ तिथंच होती. आणि कात्री फिरली होती तिच्या एक बोट बाहेरून. हाताच्या सवयीनं.

मी रेघेवर घडी घातली. लतीफभाईंनी कागद घेतला आणि ढिगाच्या तळच्या धाकट्या बॉक्सला लावला. केसाइतकासुद्धा फरक नाही.

"दिसायला कसे होते हो?" मी विचारलं.

"चेहरा न्हाई नीट बघितला, उन्हाकडं पाठ हुती त्यांची. बारीक अंगाचे. पन शर्ट, आज्जी... लय ढगळ. मी मनात म्हनलं, कुनी शिवला आसंल ह्यो!"

त्या दिवशी हळदीकुंकवाला नणंदेनं विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, एसटीत धूळ फार.

प्लेटा बसल्या. दसऱ्याला झेंडूची माळ घालून प्रशांतनं व्हॅन काढली, मी शेजारी. हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं. बाळूमिस्त्रींना खोदून खोदून विचारलं, तुम्ही सांगलीला कुणाला फोन केलात का? त्यांनी लेकराची शपथ घेतली. आणि मी कुठल्या दुकानात शिरणार हे मलाच ठाऊक नव्हतं, तर त्यांना कुठून असणार? शिलाईचं ते बोट तर घरात आम्हा दोघांनाच माहीत.

तेव्हा याचं उत्तर कुणापाशी असेल तर खुशाल लिहा, मी हसणार नाही. मला एवढंच दिसतं, की जन्मभर माझ्या मापाला नावं ठेवणाऱ्या माणसानं अजूनही दुसरा शर्ट घेतलेला नाही.