मार्ताचं कणीस

तोरिबिओ चित्रकाराला ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा देवळाच्या अंगणात बाकीच्या विधवा रांगेने बसल्या होत्या आणि ही एकटी घायपाताच्या कुंपणाशी येरझाऱ्या घालत होती.

वेशोत्सिंको गावात शिरगणती चालली होती. तोरिबिओ प्रत्येक घरामागे एक चेहरा काढी, चेहऱ्याला जोडून नावाचं चित्र. मेलेल्याचं डोकं काळं, विधवेच्या गालावर आसवं. ज्याचं चित्र नाही, त्याचं घरही नाही.

"नाव?"

"मार्ता नेकावाल."

कुंचला थबकला. ससा, ढाल, फूल असली नावं काढता येतात. पण नेकावाल म्हणजे मागे उरलेली, ती कशी काढायची? तिचा नवरा साथीत गेला नसता, तर घर त्याच्याच चेहऱ्याला जोडलं असतं, ही वेळच आली नसती.

दीर गास्पार पुढे सरसावला. "काका, कशाला डोकं शिणवता? ते घर माझ्याच चेहऱ्याला जोडा. वहिनी काय, आज आहे, उद्या नाही."

"उद्या नसायला मी काय तुझ्या घरची कोंबडी आहे?" मार्ता म्हणाली.

रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. तोरिबिओने रडता चेहरा काढला, मागे घर आणि घरातून दूर जाणारी पावलं. मार्ता वाकून बघते तो काय!

"काका, खरवडा ते आधी! पावलं पळून गेलेल्यांना काढता ना तुम्ही? वाचणारा म्हणेल, बाई घर टाकून पळाली."

"वाचणारा खोटं कशाला बोलेल?" गास्पार म्हणाला.

तोरिबिओने जीभ चावली. खरंच की! "मग पावलं घराकडे वळवू?"

"म्हणजे मी पाहुणी?"

ती पुन्हा कुंपणाशी फेऱ्या मारू लागली. तोरिबिओ घायकुतीला आला; रंग वाळत होता, रांग कुरकुरत होती. एकाएकी ती थांबली. कुंपणापलीकडे खुडणी झालेलं मक्याचं शेत होतं.

"काका, खुडताना ताटावर जे राहून जातं, ते उरलेलंच ना?"

त्याने पावलं खरवडली. चेहऱ्यामागे एक वाळकं ताट काढलं, त्यावर एकच कणीस.

"कणीस हे काय बाईचं नाव झालं?" गास्पार फणकारला.

"आजपासून झालं," तोरिबिओ म्हणाला.

आणि तसंच झालं. जे दिसतं तेच लोक वाचतात. आता तिला नेकावाल कुणी म्हणत नाही, कणीसमावशी म्हणतात. ती त्याच घरात राहते. गास्पारच्या कोंबड्या रोज तिच्या अंगणात येऊन दाणे टिपतात.