एका जंक्शनवर दोन पाच नंबर

मी पत्रकं लिहितो. खड्डे, कोरडे नळ, तहसीलच्या बंद खिडक्या, कशावरही. हे मात्र लिहायचं राहिलं, कारण यातल्या दोषींमध्ये मीही आहे.

थोरली आत्या सकाळी वारली. तिचं सासर पूर्व भागात, जंक्शनला गाडी बदलून जावं लागतं. आमच्याकडे बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उंब्रजच्या दुकानात उभ्या उभ्या हिरवं लुगडं घेतलं. सासरचा निरोप होता, दिवस मावळेपर्यंत थांबतो. आम्ही कराडला गाडी धरली.

जंक्शनवर उतरताच आबा डाव्या अंगाला वळले.

"छोट्या लाइनीवर लागती रं ती गाडी. म्होरं चल."

"आबा, छोटी लाईन कवाच उखडली. आता नंबर बघायचा असतो."

"तू बघ नंबर. माझ्या पायास्नी वाट ठावं हाय."

तरी ते माझ्यामागून आले. टांगलेल्या फलकावर गाडीपुढे पाच होता. पूल ओलांडून उतरलो, तर समोरच्या खांबावर रंगानं काढलेला ठळक पाच. मी आबांना तिथं बसवलं. गाडीची वेळ झाली तरी फलाटावर दुसरं कुणी नाही, म्हणून चहावाल्याला विचारलं.

"ह्यो जुना पाच हाय, दादा. नवा पाच तकडं, छोट्या लाइनीच्या जागंला. नंबर बदललं, खांब ऱ्हायलं."

"मग ह्यो खोडायचा तरी."

"आमी च्या इकतो, दादा."

आबांना घेऊन पुलाच्या निम्म्यात गेलो तोवर गाडी हलली. आमच्या पायाखालून सगळे डबे गेले. आबांनी लुगड्याची पिशवी काखेतून काढून छातीशी धरली.

वडापच्या जीपगाड्या बदलत बदलत रात्र झाल्यावर पोचलो. चिता पेटलेली होती. सासरच्यांनी अंधारून येईपर्यंत वाट पाहिली होती. शेवटी आमच्याच गावची, त्या गावात दिलेली एक लेक पुढं झाली आणि तिनं आपलं ठेवणीतलं लुगडं माहेरचं म्हणून घातलं. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आवं, सकाळी निघालेलं तुमी, एवढा उशीर?" कुणीतरी विचारलं.

"गाडी चुकली," आबा म्हणाले. पोरानं चुकवली, असं म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी जंक्शनवर अर्ज घेऊन गेलो. खुर्चीतल्या साहेबांनी सांगितलं, नवा फलक लावलेला आहे, खांब रंगवणं दुसऱ्या विभागाकडे येतं. एक डबा रंग आणि एक माणूस, एवढंच काम. तेही ज्यांना करायचं नाही, ते आम्हाला वर विचारतात, वाचता येत नाही का? येतं की. वाचलं म्हणूनच चुकलो.

त्या रात्री पत्रक लिहायला बसलो. आबा शेजारी येऊन टेकले.

"माझं ल्ह्यायलास?"

"व्हय."

"मग तू मला वडून न्हेलंस त्ये बी ल्ही. आन मी आलो, त्ये बी."

पत्रक तिथंच थांबलं. लुगडं ट्रंकेत आहे, घडी न मोडलेलं. आईनं एकदा ते कुणाला तरी देऊन टाकू म्हटलं, तर आबा ताटावरून उठून गेले.