एक तरी तक्रार करा

त्या वृद्धनिवासात मावशी खोलीत शिरायची ती रंगमंचावर प्रवेश घ्यावा तशी. आधी आवाज, मग औषधांचा ट्रे आणि सगळ्यांत शेवटी मावशी. "उठा माझ्या राजांनो, उठा माझ्या सोनुल्यांनो." राजे आणि सोनुले सगळे ऐंशीच्या घरातले. ते तिला मावशी म्हणत, ती त्यांना बाळ म्हणे. वयाचा हिशोब तिने केव्हाच उंबऱ्याबाहेर ठेवला होता. ती चादर अशी ताणायची की माशीचा पाय घसरावा, आणि अंथरुणातल्या माणसाला कुशीवर वळवायची ते इतकं अलगद की त्याचं स्वप्न मोडू नये. तिला गर्व एकाच गोष्टीचा होता: आपल्याविरुद्ध आजवर कुणाची तक्रार नाही.

हाच गर्व तिला नडला.

त्या वर्षी काळजी घेणारे आणि त्यांना तपासणारे अशा दोघांचं प्रशिक्षण एकत्र ठेवलं होतं. डावीकडे सेविका, उजवीकडे तपासनीस, आणि मध्ये रुसलेल्या विहिणींत असतं तेवढं अंतर. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे तक्रारी किती येतात?" बाकीच्या सेविका नखं बघत बसल्या. मावशी पदर सावरून उभी राहिली. "आमच्याकडे एकही नाही."

टाळी काही पडली नाही. उजवीकडच्या माना मात्र एकदम वळल्या.

"मग काळजी वाटायला हवी," बाई म्हणाल्या. "चार माणसं एका छपराखाली राहिली की कुरकुर असतेच. ती ऐकू येत नसेल, तर माणसं घाबरलेली आहेत असं आधी धरून चालायचं."

पहिल्या रांगेतल्या चष्मेवाल्या तपासनीस बाईंनी वळून विचारलं, "कुठलं निवास म्हणालात?"

पुढच्याच आठवड्यात त्या तपासणीला येणार असं कळलं. परवान्याची मुदत संपत आली होती. तो वाढवून मिळाला नाही तर निवासाला कुलूप, आणि म्हातारी माणसं जिथे खाट रिकामी असेल तिथे, एक इथे तर एक तिथे.

मावशीने सगळ्यांना गोळा केलं. "बाळांनो, एक तरी तक्रार करा."

दिवसभर उशीवरून, पंख्यावरून, शेजारच्याच्या खोकल्यावरून कटकट करणारी माणसं एकदम संत झाली.

"तक्रार करायची आणि तुला काढलं तर पाठ कोण चोळेल?" कोपऱ्यातल्या खाटेवरची आजी म्हणाली. "ती चष्मेवाली?"

"मला नाही काढणार गं. तक्रार नसली तर निवास बंद होईल."

"असं कुठे असतं का? तू भोळी. तुला कुणीतरी गंडवलंय."

शेवटी मावशीने तालीमच घेतली. आजीला वाक्य दिलं: चहा गार असतो. आजीने घोकून घोकून ते पाठ केलं.

तपासनीस बाई आल्या आणि एकेका खाटेशी थांबू लागल्या. जेवण? उत्तम. रात्री हाक मारली तर कुणी येतं? हाकेच्या आधीच येते. मावशी आजीकडे डोळे मोठे करून बघत होती. आजी गडबडली. "चहा... झकास असतो." प्रत्येक कौतुकाबरोबर बाईंचा चेहरा लांबत चालला होता. आपली स्तुती अंगावर धोंड्यासारखी पडते, हे मावशीला त्या दिवशी कळलं.

शेवटची खाट गणिताच्या निवृत्त मास्तरांची. ते तालमीला आलेच नव्हते.

"मला तक्रार आहे," ते म्हणाले.

मावशीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मास्तरांनी तिच्याकडेच बोट दाखवलं.

"ही मला बाळ म्हणते. काल सूप पाजताना म्हणाली, आ कर रे सोनुल्या. माझ्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गार पडायचा, बाई. हात थरथरतात म्हणून दुसऱ्याच्या हातून खातो, ते ठीक. पण सोनुल्या?"

उशीची, पंख्याची, कसलीही तक्रार चालली असती. ही नेमकी तिच्या लाडक्या शब्दावर आली. मावशीचे डोळे भरले. "मग इतके दिवस बोलला का नाहीस... नाहीत?"

"माया करणाऱ्याला तोंडावर कसं सांगायचं?"

"आता काय करणार?" तपासनीस बाईंनी मावशीला विचारलं.

औषधाची वेळ झाली होती. मावशीने डोळे पुसले, चमचा भरला आणि जन्मात पहिल्यांदा तिथल्या माणसाला मान देऊन म्हणाली, "अहो, जरा तोंड उघडता का?"

"अगं बाई," आजी म्हणाली, "यांचं लग्न कधी झालं?"

सगळी खोली हसली. मास्तर कानापर्यंत लाल. "अहो नको," ते पुटपुटले. "मास्तर म्हण."

"बरं मास्तर. तोंड उघडा, नाहीतर बाकावर उभं करीन."

मास्तरांनी निमूट तोंड उघडलं. हसून ओले झालेले डोळे पुसून तपासनीस बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "इथे कुणी घाबरलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "परवाना वाढवायला माझी हरकत नाही."

त्या निघायला वळल्या, तोच दारापाशी कुणीतरी खाकरलं. "माझंही जरा लिहून घ्या. पहाटे पहाटे आंघोळ नको." मागून दुसरा आवाज, "आणि माझी खाट खिडकीकडे हवी." मग तिसरा, मग एकदम चार.

मावशीने कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणलं आणि पदराने पुसलं.

"बसा बाई," ती म्हणाली. "तुम्हाला आता वेळ लागेल."