दहा नंबरचा पाना

दोन हजार तेवीस साल. मी बहात्तर वर्षांचा होतो. शिक्षण चौथीपर्यंत. पण गाडीच्या बाबतीत कोणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरायचं.

चाळीस वर्षं मी सवारीची जीप चालवली, त्यातली निम्मी परतवाडा ते चिखलदरा या घाटात. पावसाळी धुकं पाहायला आलेली माणसं, नवीन लग्नाची जोडपी, शाळेच्या मास्तरणी, सगळ्यांना मी वर नेलं आणि खाली आणलं. बायकोला एकदाही नेलं नाही. सीट रिकामी नसायची, हे एक कारण. तिनं कधी म्हटलं नाही, हे दुसरं. दुसरं कारण खोटं होतं. ती म्हणायची, मी ऐकत नव्हतो.

मग तिला साखरेचा आजार लागला. गेली अकरा वर्षं ती इन्शुलिनवर आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बाटली गार ठेवा, तापली की औषधातला जीव जातो. तेव्हापासून जिथे फ्रीज नाही तिथे तिनं मुक्काम केला नाही. तिच्या बहिणीच्या पोराचं लग्न बाळापूरच्या पुढच्या एका खेड्यात होतं. अक्षता टाकल्या आणि जेवणाच्या पंगती बसायच्या आधी ती बसस्टॉपवर येऊन उभी राहिली. बहिणीला राग आला तो अजून गेलेला नाही.

तेवीस साली मुलीनं एक छोटा फ्रीज पाठवला. गाडीच्या बॅटरीवर चालणारा, सुटकेसएवढा. वर एक आकडा पेटतो, आत किती थंड आहे ते सांगतो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आता आईले चिखलदऱ्याले घेऊन जा. दोन रात्री तरी ऱ्हा."

बायको फ्रीजवरून हात फिरवत बसली होती. म्हणाली, "सूर्य निंगते तवा वरून कसं दिसते वो?"

मी हजार वेळा पाहिलेली गोष्ट. सांगताच येईना.

"दोन रात्री राहू," मी म्हणालो. "गाडीतच झोपू. पाहून घे."

जीपमधली मागची बाकं मी काढली, गादी टाकली. फ्रीजची वायर सिगारेट पेटवायच्या सॉकेटात खुपसली, आकडा पेटला, झालं काम. पण चाबी बंद केली की आकडा विझायचा. म्हणून नाइलाजानं अकोटला गेलो, माझ्या मिस्त्रीकडे.

हा मिस्त्री म्हणजे गाड्यांचं वायरिंग करणारा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. माझ्या तिन्ही जीपांच्या दिव्यांना, हॉर्नला, सेल्फला त्याचाच हात लागलेला. सकाळची नमाज आटोपली की सगळ्या बाजाराआधी त्याचं शटर वर जातं. त्यानं फ्रीज उलटापालटा पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, दुसरी बॅटरी लागन."

"कायले? माह्यी बॅटरी सहा मयन्याची हाये."

"सहा दिवसाची असली तरी. इंजिनच्या बॅटरीवर रातभर फ्रीज चालवसान, तं सकाळी सेल्फ कोन मारन? घाटात धक्का कोन देईन? भाभी देईन?"

"माही गाडी एका बॅटरीवर चाळीस वर्सं चालली."

"चालली ना. पन तवा तुमी गाडीत फ्रीज नोता ठेवत. बकऱ्या ठेवत होते."

दुकानात बसलेले दोघे-तिघे हसले. मला ते आवडलं नाही. मी म्हणालो, तुझ्या मनाचं कर, पण मला विचारू नको. त्यानं केलं. ड्रायव्हरच्या सीटमागे पेटी ठोकून दुसरी बॅटरी बसवली. बोटाएवढी जाड वायर पुढून मागे आणली. बारीक वायरीत करंट वाटेतच जिरते, फ्रीजपर्यंत पोचत नाही, असं काम करता करता तोच बोलत होता. दोन्ही बॅटऱ्यांमध्ये एक रिले लावली. गाडी चालू असली की रिले दोघींना जोडते, दोघी भरतात. गाडी बंद झाली की रिले दोघींना वेगळं करते, फ्रीज खाईल ते फक्त मागच्या बॅटरीचं. पुढची शाबूत. सकाळी गाडी एका चाबीत चालू.

"समजलं काय भाऊ?"

"मले समजवू नको," मी म्हणालो.

घरी अंगणात दोन रात्री चालवून पाहिलं. बाहेर अकोल्याचा मे महिना, भिंतीसुद्धा तापलेल्या, आणि फ्रीजवर आकडा चारचा, औषधाला हवा तेवढा गार. सकाळी उठून पाहिलं, तरी चार. बायको दर तासाला जाऊन पाहायची. पाळण्यातल्या पोराला पाहावं तसं.

आम्ही निघालो. परतवाड्याला चहा घेतला, घाट चढलो. वर पठारावर भाजी पिकवणारं एक कुटुंब आहे. त्यांच्या टमाट्यांचे क्रेट मी वर्षानुवर्षं खाली नेले. त्यांनी मळ्याच्या बांधावर आंब्याखाली जागा दिली. बायकोनं तीन दगडांवर पिठलं केलं. दिवस मावळताना हवा अशी गार झाली की तिनं मे महिन्यात शाल काढली आणि स्वतःच हसली. ती दमली होती, आकडा न पाहताच झोपली. मीही लवकर झोपलो. चाळीस वर्षांत मी त्या डोंगरावर कितीदा मुक्काम केला असेल. पण इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी उजाडता उजाडता तिचा आवाज आला. "ऐकता काय? याचा आकडा कुठी गेला?"

फ्रीज बंद. वर आकडा नाही, आत हात घातला तर बाहेरच्या हवेसारखंच. बाटल्या तिनं मुठीत धरल्या होत्या. चार बाटल्या, महिन्याचं औषध.

मी फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. फ्रीजची पिन काढली, पुसली, घातली. फ्रीज आडवा केला, हलवला. मग मला राग आला. हे सगळं त्या दुसऱ्या बॅटरीचं, त्या रिलेचं, त्या शहाणपणाचं काम. मागच्या पेटीकडे मी पाहिलंही नाही. जे माझ्या मनाविरुद्ध बसवलं, त्यातच खोट असणार, ती मी काय पाहायची? ज्यानं बसवली त्यानंच पाहावी.

बायको म्हणाली, "उन्ह चढाच्या आत खाली उतरू. परतवाड्याले कोनाच्या फ्रीजमंदी ठेवू अन् घरी जाऊ."

"अन् दुसरी रात?"

"एक झाली ना." तिनं पूर्वेकडे पाठ केली होती. सूर्य तिच्या मागून निघत होता आणि ती बाटल्या पाहत होती.

मळ्यातली सून पाणी द्यायला आली, तिनं ऐकलं. "आजी, आमच्याकडे फ्रीज नाई, पन माठ हाये," ती म्हणाली. तिनं घरातला एक जुना माठ आणला, तळाला वाळू टाकली, पाणी ओतलं, बाटल्या वाटीत ठेवून वाटी आत ठेवली, वरून ओलं फडकं बांधलं. आंब्याच्या सावलीत ठेवून म्हणाली, "फडकं सुकू देऊ नोका बस." ती पोर माझ्या कोणाची कोणी नाही. भाजी तोडायची सोडून दर थोड्या वेळानं येऊन फडक्यावर पाणी शिंपडत राहिली.

मी रस्त्यावर, जिथे मोबाइलला रेंज येते तिथे गेलो आणि मिस्त्रीला फोन लावला. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. "तुह्या वायरिंगनं माह्या बायकोचं औषध मातीत गेलं" हे त्यातलं सौम्य वाक्य. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "फ्रीजले हात लावू नोका, भाऊ. मी निंगलो."

अकोटहून तिथे मोटारसायकलनं अडीच-पावणेतीन तास लागतात, आणि ते मे महिन्याच्या उन्हात. त्या दिवशी त्याच्या दुकानासमोर दोन ट्रॅक्टर उभे होते, हे मला नंतर कळलं. तो आला तेव्हा तोंडाला बांधलेला रुमाल घामानं भिजून काळा पडला होता. पाणी प्याला, भाभीला रामराम केला आणि सरळ सीटमागची पेटी उघडली.

मी त्याच्या मागे उभा होतो. पेटीत बॅटरी होती. बॅटरीवर वायर नव्हती. वायर सोडून बाजूला नीट वळवून ठेवलेली, आणि बॅटरीवर माझा दहा नंबरचा पाना आडवा.

सांगायची गोष्ट अशी की ही सवय मला माझ्या उस्तादानं लावली. बाहेर मुक्काम असला की गाडी उभी करायची आणि बॅटरीची वायर सोडायची. चोराला गाडी चालू होत नाही आणि बॅटरीही उतरत नाही. आम्ही सवारीचे गाडीवाले सगळे असंच करायचो. स्टँडवर संध्याकाळी दहा गाड्यांचे बॉनेट उघडे दिसायचे. घरी फाटकाला कुलूप असतं म्हणून तिथे ही सवय सुटली होती. बाहेर मुक्काम म्हटल्याबरोबर हात जुना झाला. काल अंथरूण घालायच्या आधी हातानं पुढची वायर सोडली, मग मागची सोडली. डोक्याला कळवलंही नाही.

मिस्त्रीनं पाना पाहिला. वायर पाहिली. मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पटकन वायर चढवली, नट आवळला. फ्रीज घुरघुरला, आकडा पेटला. पुढे जाऊन बॉनेट उघडलं, तिथलीही वायर चढवली.

बायको आली. "काय झालं होतं मिस्त्रीभाऊ?"

"काई नाई भाभी. माह्यीच गलती. नट ढिला राह्यला होता."

मी तिथेच होतो. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. बोललो, पण काय बोललो? "मी तं पयलेच म्हनलं होतं, दुसरी बॅटरी नोको."

तो हसला. "म्हनलं होतं खरं."

आकडा चारवर यायला दुपार झाली. तोवर बाटल्या माठात होत्या. बायकोनं गावातल्या दवाखान्यात जाऊन नर्सबाईंना विचारलं. त्यांनी बाटल्या हातात घेऊन पाहिल्या, एका गार रात्रीनं काही बिघडत नाही, म्हणाल्या. बायको परत आली ती हलक्या चालीनं. मिस्त्रीला तिनं बळजबरीनं भाकर खाऊ घातली. तो उन्हं कलायच्या आत निघून गेला.

संध्याकाळी अंथरूण घालायच्या वेळी माझा हात खिशाकडे गेला. पाना नव्हता. सीटखाली पाहिलं, डिकीत पाहिलं, गादी उचलली. नव्हता. मग लक्षात आलं. तो घेऊन गेला होता. मला एक शब्द न बोलता, माझा हात पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून.

मी गाडीच्या पायरीवर बसून राहिलो. आत फ्रीज घुरघुरत होता. बायको म्हणाली, "काय शोधून राह्यले?" मी म्हणालो, "काई नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी उठून दरीच्या काठावर जाऊन बसली होती. शाल डोक्यावरून घेतलेली. सूर्य निघाला. समोरचे डोंगर एकामागून एक उजळत गेले. सगळे उजळेपर्यंत ती उठली नाही. मग परत येऊन फ्रीज उघडला, थंड बाटली काढली, इंजेक्शन घेतलं. तेव्हा मी तिला सांगितलं. वायर मिस्त्रीची ढिली नव्हती, मी सोडली होती. दोन्ही.

तिनं सुई झाकणात घातली. "पंचेचाळीस वर्सात पयल्यांदा तुमची चूक तुमच्या तोंडून आयकली," ती म्हणाली. "पन मले काय सांगता? ज्याले सांगाचं त्याले सांगा."

माठ मी स्वतः धुऊन मळ्यातल्या सुनेला परत दिला. तिनं आमच्या गाडीत वांगी टाकली. परतवाड्याहून बायकोला तिच्या दुसऱ्या बहिणीकडे अमरावतीला न्यायचं ठरलं होतं. परतवाड्याला आल्यावर मी गाडी अकोटकडे वळवली. बायकोनं रस्ता ओळखला आणि खिडकीची काच खाली केली.

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. चांगलंच झालं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मिस्त्री, परवा माह्या गाडीची वायर मीच सोडली होती. नट ढिला नोता. तुही काई गलती नोती. अन् दुसरी बॅटरी पायजेच होती."

तो हातातलं टेस्टर पुसत राहिला. "भाऊ, तुमी उन्हात इतके दूर कायले आले? फोन कराचा होता."

"फोनवर शिव्या दिल्या. हे फोनवर नाई सांगता येत."

त्यानं खिशातून माझा पाना काढला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. त्याच्या भिंतीवर फळी आहे, खिळ्यांना पाने अडकवलेले, आठ, दहा, बारा, चौदा. एक खिळा रिकामा होता. मी पाना तिथे अडकवला, जीपमधून वांग्यांची पिशवी काढून त्याच्या स्टुलावर ठेवली, आणि मागे जाऊन फ्रीजवरचा आकडा पाहिला.

चार होता.