दोन पत्र्यांचं वजन

नागपूरची राजधानी भोपाळला गेली त्या हिवाळ्यात माझी मुलगी दवाखान्यात होती आणि मी राजपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात. हे कचेरीत कारकून. आपलं नाव कोणत्या यादीत गेलं, बदली कुठे होणार, याचीच चर्चा त्यांच्या सोबत्यांत दिवसभर चालायची आणि संध्याकाळी चहाबरोबर ती घरी यायची. माझं डोकं फिरायचं. माझी पोर चार पौंडांची होईना आणि मी कोणता जिल्हा कुठल्या राज्यात गेला ते ऐकत बसू!

मुलगी सातव्या महिन्यातच झाली होती. बायांच्या दवाखान्यात एक खोली शेगड्या पेटवून उबदार ठेवायचे. तिथे एका लाकडी खोक्यात, कापसाच्या दुलईत गुंडाळून, दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या लावून तिला ठेवलं होतं. मला पंधराव्या दिवशी घरी पाठवलं. तिला नाही. आईलासुद्धा आत जायची मनाई होती. मी सकाळ-संध्याकाळ टांग्याने जायची, दूध काढून वाटीत द्यायची आणि नर्सबाई ते ड्रॉपरने थेंब थेंब पाजायच्या. मी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी. दिसायचं काय, तर कापूस आणि त्यातून डोकावणारं लिंबाएवढं तोंड.

दर सोमवारी वजन व्हायचं. चार पौंड भरले की घरी, त्याआधी नाही. नर्सबाई दक्षिणेकडच्या. बोलायच्या हिंदीत, आणि ते हिंदीही मोजून-मापून. पहिल्याच दिवशी मला त्यांनी बजावलं होतं, "चार पौंड से पहले माँगना मत, बाई. पिछले महीने एक को ज़िद करके ले गए. तीसरे दिन वापस लाए, ठंडा."

त्यानंतर मी मागितली नाही. पण घरी मला चैन पडत नसे. तेच लंगोट तिसऱ्यांदा धुवायची. धुतलेली भांडी खाली काढून पुन्हा घासायची. टांगेवाला दोन मिनिटं उशिरा आला की त्याच्यावर ओरडायची. तो बिचारा "घोडा पाणी पिऊ ऱ्हायला होता, बाई" म्हणायचा. पाळणा टांगून ठेवला होता, आणि एकदा येता-जाता माझा हात त्याला लागून तो हलला. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तो थांबवला. रिकामा पाळणा हलवायचा नसतो. मला ते ठाऊक होतं, तरी मी त्यांच्यावरच उखडले.

सासूबाई दापोऱ्याच्या. घरची शेती, केळी आणि कपाशी. सून अडली म्हणून वेचणीच्या हंगामात घर सोडून त्या माझ्याकडे येऊन राहिल्या होत्या. मुलीच्या दोन्ही दुलया त्यांनीच केल्या, आपल्या शेतातल्या कापसाच्या, स्वतः सरकी काढून. एक मुलीच्या अंगावर, दुसरी घरी उन्हात, आलटून पालटून. नर्सबाईंनी कधी नव्हे ते कौतुक केलं. दोन्ही दुलया तोलून वजन वहीत लिहून ठेवलं, कारण थंडीत मुलीला उघडं करायचं नव्हतं. दुलईसकट तोलायचं आणि दुलईचं वजन वजा करायचं, अशी त्यांची रीत.

ही तोलातोलीच सासूबाईंना मान्य नव्हती. "लेकराले तराजूत घालतात का व माय? कापूस हाय का तो?" त्या मला विचारायच्या. "दर सोमवारी तोलतीन, आकडा बोलतीन, मंग नजर नाही लागणार तं काय होईन?" बाळंतिणीपाशी आणि बाळापाशी लोखंड हवं, ही त्यांची दुसरी काळजी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खोक्याखाली विळा सरकवला होता. नर्सबाईंनी तो चिमटीत धरून बाहेर आणून दिला आणि चारचौघांत सुनावलं. सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे ऐकलं, असा माझा गैरसमज होता.

तीन पौंड दोन औंस. तीन पौंड पाच. तीन पौंड आठ. एवढ्यात सगळा महिना संपला. आणि मग एका सोमवारी नर्सबाई स्वतः दाराशी आल्या आणि चक्क हसल्या. "चार पौंड, एक औंस. ले जाओ."

त्या दिवशी सासूबाईही माझ्याबरोबर आल्या होत्या. यांना कचेरीत बोलावणं गेलं, ते धावतपळत आले आणि टांगा आणायला पुन्हा धावले. नर्सबाईंनी मुलीला आमच्या कोऱ्या शालीत गुंडाळून माझ्या हातात दिलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा. मी रडले नाही, मला तेवढी उसंतच नव्हती. कधी एकदा इथून निघते असं झालं होतं. नर्सबाई वहीत लिहायला वळल्या आणि मी दुलई घडी करायला उचलली.

पायाकडची बाजू जड लागली. बोटांनी चाचपली तर आत काहीतरी सपाट, टणक. मी दातांनी टाके उसवले. आतून दोन लोखंडी पत्र्या निघाल्या, बैलाच्या खुराला ठोकतात तसल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. घासूनपुसून, कापसाच्या थरात बसवून, वरून इतके बारीक टाके घातलेले की धुणाऱ्याला कळू नये.

मला हिशेब करायला वेळ लागला नाही. दोन पत्र्या म्हणजे पाच औंस सहज, आणि वहीत दुलईचं वजन पत्र्या घालण्याआधीचं. म्हणजे चार पौंड झालेच नव्हते.

सासूबाई समोरच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होत्या. वहीतलं वजाबाकीचं गणित त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांचं लोखंड पकडलं, एवढंच त्यांना कळलं आणि त्यांनी मान खाली घातली. नर्सबाईंची पाठ माझ्याकडे होती. बाहेर टांग्याची घंटी वाजली.

मी त्या पत्र्या पदराच्या टोकात बांधल्या, पदर कमरेला खोचला आणि मुलीला घेऊन चालू लागले.

व्हरांडा लांब होता. माझ्या मनात एकच, चार औंसांनी काय होतं? घरी शेगडी आहे, बाटल्या आहेत, मी आहे. मी तिची आई आहे, ती नर्स काय तिची आई आहे? पत्र्या कमरेशी एकमेकींवर वाजत होत्या. सासूबाई मागून येत होत्या. पायऱ्यांशी आले तेव्हा वारा लागला म्हणून मी शालीत हात घालून तिचे पाय चाचपले. खोलीतून निघून दोन मिनिटंही झाली नसतील. तळवे गार पडले होते.

मी पळत परत गेले. मुलगी नर्सबाईंच्या हातात दिली आणि पदर सोडून पत्र्या टेबलावर ठेवल्या.

नर्सबाईंनी आधी तिला खोक्यात घातलं, बाटल्या लावल्या, मग पुन्हा तोललं. तीन पौंड बारा औंस. मग त्या आमच्याकडे वळल्या. "किसने डाला? और तुमको कब मालूम पड़ा?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याला माझी जीभ उचलेना. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "मीनं घातलं, बाई. मी अडाणी. हिले आत्ता पायऱ्यांपाशी समजलं, तशीच पयत आली."

नर्सबाईंनी त्यांना अर्धा तास झापलं आणि पत्र्या त्यांच्या हातात परत दिल्या. आठवडाभर दवाखान्यात पाऊल ठेवायला बंदी केली. यांनीही रिकाम्या टांग्यात सगळ्या रस्ताभर आपल्या आईला बोल लावले. म्हातारीने माझा हात मात्र शालीखाली घट्ट धरून ठेवला होता, आणि मला तो सोडवूनही घेता येईना.

आणखी दोन सोमवार गेले. तिसऱ्या सोमवारी मुलगी घरी आली, खऱ्या चार पौंड दोन औंसांची. उंबऱ्यावर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्या पाळण्यापासून लांब उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, पत्र्या कुठे आहेत? पाळण्याला बांधा ना." त्यांनी बांधल्या, आणि मग पाळणा हलवला.

आमच्या घरात ही गोष्ट पुढे फार चालली. आजीने नातीला लोखंड घालून जड केलं आणि दारातून परत फिरायची पाळी आणली, म्हणून सगळे हसायचे. मुलगी मोठी झाल्यावर तीही आजीला चिडवायची. सासूबाई सगळ्यांबरोबर हसायच्या. हसताना एकदाही माझ्याकडे बघायच्या नाहीत. मीही हसायची. त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि मुलगी अजून आपल्या मुलांना ही गोष्ट तशीच सांगते.

तिला ती चुकीची माहीत आहे. पायऱ्यांपर्यंत तिला मी नेलं होतं, पत्र्या पदरात बांधून, सगळं कळल्यावर.