घर पीएफचं, रिटर्न माझं

सांगलीतला फ्लॅट आम्ही घेतला तेव्हा माझी नोकरी नुकतीच सुटली होती. कंपनीनं इथलं ऑफिसच बंद केलं, त्यामुळं रागावायचं तरी कुणावर? नवरा सैन्यात, पोस्टिंग लांब सरहद्दीवर. त्याच्या नावावर कर्ज मंजूर झालं, आणि उरलेली भर घालायला मी माझा सगळा पीएफ काढला. पैसे खात्यावर आले, पण दहावा हिस्सा कर म्हणून आधीच कापून. घराच्या गडबडीत मी तिकडं बघितलंही नाही. वास्तुशांत झाली, पुरणपोळ्या झाल्या, आणि जुलै उजाडला.

रिटर्न भरायची वेळ आली, तसा पहिला सल्ला माझ्या भावानं दिला. "घरासाठी काढलास ना? मग त्याच्यावर टॅक्स नसतो. दाखवूच नकोस कुठं. दाखवलंस की नोटीस येणार." एवढ्या खात्रीनं बोलला, की मला रात्री स्वप्नात नोटीस दिसली.

तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, सांगलीत आले होते. ते माण तालुक्यातले, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात चार शेळ्या आणि दोन एकर कोरडवाहू रान सोडून ते फार दिवस कुठं राहत नाहीत. भावाचं बोलणं ऐकून त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"आपलं कायबी चुकलं न्हाई, तर लपायचं कशाला गं? मिलिटरीत आदी रिपोर्ट द्यायचा, मग जेवायचं."

"मामा, अहो, पण नोटीस आली तर?"

"येऊ दे की. वाचूया."

दुसऱ्या दिवशी आम्ही विश्रामबागेत एका सीए मॅडमकडं गेलो. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि हातात भली मोठी कापडी पिशवी होती. आत काय आहे ते मला ऑफिसात गेल्यावर कळलं. मॅडमनी "पीएफ कशासाठी काढलात?" एवढंच विचारलं, आणि मामांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. खरेदीखताची झेरॉक्स, बँकेचं पत्र, आणि वास्तुशांतीच्या फोटोंचा अख्खा अल्बम.

"ह्यो बघा दरवाजा. ह्यो हॉल. ह्यो सैपाकाचा ओटा, सूनबाईनं सोता पसंत केलाय. घर खरंच घेतलंय, खोटं न्हाई."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मॅडमनी मात्र अल्बमचं एकेक पान शांतपणे उलटलं. ओट्याचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "घर छान आहे काका. पण तुमच्या सूनबाईंच्या कराचा घराशी संबंध नाही."

मामांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी घरच परत मागितलंय.

मॅडमनी मग मला समजावून सांगितलं. नोकरी गेल्यावर सगळा पीएफ काढला, तर त्या पैशाचं घर घेतलं की लग्न केलं हे कुणी बघत नाही. मुख्यतः बघतात ते हे, की नोकरी सलग पाच वर्षं झाली होती का. झाली असेल तर ती रक्कम करमुक्त.

"सांगलीत माझी चारच वर्षं झाली," मी म्हटलं.

"त्याआधी?"

"साताऱ्यात तीन. लग्नाआधी."

"तिथला पीएफ काढला होता, की इकडं वर्ग केला होता?"

"वर्ग केला होता."

"मग सात झाली की! जुन्या नोकरीची तारीख नव्या खात्यावर आलेली दिसत नाही, म्हणून कर कापला गेला. आता रक्कम दाखवायची, करमुक्त म्हणून दाखवायची, आणि कापलेला कर परत मागायचा. न दाखवून उपयोग नाही, आयकर खात्याकडं तुमच्या नावापुढं ती रक्कम आधीच आहे. फक्त साताऱ्याच्या कंपनीकडून नोकरीचा दाखला आणून ठेवा. कुणी विचारलं तर हाताशी हवा."

दोन दिवसांनी आम्ही साताऱ्याची एसटी पकडली. मामा बरोबर येणारच होते. कंपनीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. तोही माजी सैनिक निघाला. साताऱ्यात यात नवल काही नाही.

"कंची पलटन?" मामांनी विचारलं, आणि पुढचा तासभर मी त्या दोघांच्या लेखी नव्हतेच. मी एकटीच आत गेले.

दाखला मिळायला वेळ लागला नाही. एचआरमधली नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची जुनी फाईल सापडली," आणि तिनं माझा नोकरीला लागतानाचा फोटो दाखवला. दोन वेण्या, मोठा चष्मा, आणि चेहऱ्यावर प्रचंड गांभीर्य. पहिल्या पगाराच्या दिवशी पीएफची कपात बघून मी याच इमारतीच्या जिन्यात रडले होते. एवढे पैसे कुणी आणि का नेले, हे मला कळतच नव्हतं. आता त्याच पैशांतून माझी एक खोली उभी होती. त्या वेण्यावाल्या मुलीला जवळ बसवून सांगावंसं वाटलं, की थांब जरा, बरं होणार आहे.

बाहेर आले तर मामा वॉचमनच्या डब्यातली भाकरी खात होते.

रिटर्न भरताना मॅडमनी करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात आकडा टाकला आणि मी तो दोनदा वाचून बघितला. मामा मागं उभे. "सगळं लिवलं न्हवं?" सगळं लिहिलं होतं. मोबाईलवर आलेला ओटीपी मी सांगितला, बटण दाबलं, आणि संपलंच. इतक्या दिवसांची धाकधूक, आणि शेवटी साधा आवाजही झाला नाही.

नोटीस आली नाही. पावसाळा सरता सरता कापलेला कर व्याजासकट खात्यावर परत आला. मामा तेव्हा आमच्याकडंच आले होते. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आबांना दे फोन." दोघं बापलेक पाच मिनिटं नुसते हसत होते.

पुढच्या जुलैत सकाळी सकाळी बेल वाजली. दारात मामा, आणि त्यांच्या मागं गावाकडचे तीन पेन्शनर, प्रत्येकाच्या काखेत पिशवी.

"आवं, ही आमची सूनबाई," मामा त्यांना सांगत होते. "हिला सगळं येतंय. बसा."

मला सगळं येत नव्हतं. पण पाणी दिलं, चहा टाकला, आणि सीए मॅडमना फोन लावला, की आम्ही पाचजण येतोय.