खारूताईची कमरेएवढी झाडं

तिला सगळे खारूताई म्हणत, आणि ते नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. लग्न होऊन आली त्याच महिन्यात ती रानातल्या एका सरळसोट झाडावर बघता बघता शेंड्यापर्यंत चढली होती. त्या डोंगरावर बाईची लायकी भाऱ्यावरून ठरायची. शेतं पायऱ्यापायऱ्यांची, त्यात चाऱ्याला जागा कुठली? मग गुरांसाठी दीड तास चढून रानात जायचं, झाडावरून पाला तोडायचा आणि भारा पाठीवर घेऊन उतरायचं.

एके दिवशी तिच्या डोळ्यांदेखत मोठी जाऊ फांदीसकट खाली आली. चौघांनी शिडीवर घालून तिला घरी आणलं. जीव वाचला, पण मांडीचं हाड वेडंवाकडं जुळलं. काठीशिवाय पाऊल टाकता येईना.

त्यानंतर खारूताई झाडाला हात लावायची आणि तशीच मागे फिरायची. पण सांगणार कुणाला? खारूताईलाच झाडाची भीती, म्हणजे गावाला हसायला आयतं कारण. ती खालूनच हाताला येईल तेवढा पाला ओरबाडून आणू लागली. भारा रोडावला, गाई आटल्या, घरात कुरकुर सुरू झाली.

शेवटी एका संध्याकाळी चुलीपुढे जावेनंच विचारलं, "चढत नाहीस ना तू हल्ली?"

खारूताईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "नाही जमत हो, ताई. वर बघितलं की तुम्ही पडताना दिसता."

जावेनं आपल्या वाकड्या मांडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मग झाडालाच खाली आण की!"

बोलायला ती गमतीनं बोलली, पण खारूताईच्या डोक्यात ते घर करून बसलं. रानात चाऱ्याच्या झाडांखाली उगवलेली रोपं तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि मक्याच्या शेताच्या बांधावर हातभर अंतरानं लावली. सासरे भडकले. "बांधावर झाडं? आणि मका काय सावलीत उजेडाची वाट बघत बसणार?"

"वाढूच देणार नाही त्यांना, मामंजी. कमरेच्या वर गेली की छाटणार."

पहिल्या वर्षी निम्मी रोपं शेळ्यांनी फस्त केली. तिनं पुन्हा लावली, भोवती काट्या रोवल्या. दुसऱ्या वर्षी कडेचा मका खरंच खुरटला, आणि सासरे कोयता घेऊन तरातरा बांधावर गेले. तर तिथं जाऊ काठी टेकून उभी. "आधी मला बाजूला करा," ती म्हणाली, "मग झाडं तोडा." एवढ्या वर्षांत थोरल्या सुनेनं कधी उलट शब्द काढला नव्हता. सासरे पुटपुटत माघारी फिरले.

चौथ्या वर्षी दरड कोसळली आणि रानाची वाट दगडमातीखाली गेली. दोन महिने कुणाला वर जाता येईना. लोक गुरं विकायला काढू लागले. खारूताईच्या घरी मात्र दोघी जावा रोज सकाळी बांधावर जायच्या. एक उभ्यानं पाला कापायची, दुसरी बसल्या बसल्या जुड्या बांधायची. गाई दुधाला तशाच. आणि त्या पावसात शेजारच्यांचे दोन बांध ढासळले, पण खारूताईचा झाडांचा बांध जागचा हलला नव्हता. सासऱ्यांनी तो पायानं दाबून बघितला, एकदा, दोनदा, आणि शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, "अरे, मुळं माती धरून ठेवतात! आमचं आधीपासून ठरलेलंच होतं हे." जावा तोंड फिरवून हसल्या.

पुढे वाट मोकळी झाली, तरी रानात चढणाऱ्या बायका कमीच झाल्या. एकेक जण येऊन रोपं मागून न्यायची. आणि खारूताईला पहिल्यांदा कळलं, की दिवसाला दुपार नावाचंही काही असतं. सुरुवातीला तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग दोघी ओट्यावर उन्हात पाय पसरून बसू लागल्या. बोलता बोलता जाऊ तिथंच आडवी व्हायची आणि खुशाल घोरायची. कुणी हाक मारत आलंच, तर खारूताई ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "हळू! झोपू दे ताईंना. काम झालंय आमचं."